कसूर म्हणजे कमी पडणं

वाशीमकडच्या मालेगावजवळ आपल्या मळ्यात जगदेव मक्यावर तणनाशक फवारत होता, तेव्हाच वारं सुटलं. पंपात थोडंच औषध उरलेलं, म्हणून तो थांबला नाही. चार दिवसांनी बांधापलीकडच्या भागिरथाबाईच्या मिरचीची पानं आकसून वाकडी झाली. आपलंच औषध वाऱ्यानं तिकडं गेलं, हे जगदेवनं ओळखलं.

पण भागिरथाबाईला त्याचा संशयच आला नाही. सुनेनं, नितानं, तणनाशकाचा पंप न धुता तोच मिरचीच्या फवारणीला वापरला असं तिनं धरून टाकलं. पंप दोनदा धुतल्याचं निता परोपरीनं सांगत राहिली. कुणी ऐकलं नाही. शेवटी ती अनसिंगला माहेरी निघून गेली.

तेव्हापासून जगदेवला घास गिळवेना. बांधावरून कुणी हाक मारली की तो मक्यात शिरायचा. पंधरा दिवस असेच गेले.

त्याची मुलगी ज्योत्स्ना वाशीमच्या कॉलेजात मराठी शिकायची. एका संध्याकाळी तिच्या वहीत त्याला ‘अपराध’ शब्द दिसला. कुठून आला हा, त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. संस्कृतातून, ती म्हणाली. राध् म्हणजे साधणं, त्याला अप लागला की चुकणं; बाणाचा नेम चुकला तरी जुन्या काळी हाच शब्द वापरत. जगदेवला जरा हायसं वाटलं. नेमच तर चुकला होता. वारं का आपल्या हातात असतं?

“अन् आपन कसूर म्हनतो तो?”

“तो अरबीतला, बाबा. कमी पडणं. जे करायचं होतं, त्यात कमी पडणं.”

जगदेवनं वही मिटली. वारं सुटल्यावर हात थांबवायचा होता. नितावर आळ आला तेव्हा तोंड उघडायचं होतं.

सकाळी तो भागिरथाबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. 

“वैनी, मिरची माह्या औषधानं गेली. वारं मले दिसत होतं. नितानं काई नाई केलं.”

ती तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात राहिलं. मिरचीचं तिनं नावही काढलं नाही.

“पंधरा दिवस तू पाहून राह्यला होता?”

“हो वैनी,” तो म्हणाला.

“मंग हे तिच्या मायबापासमोर सांग. मी एकटी कोन्या तोंडानं जाऊ?”

वाशीमला बस बदलून दोघं अनसिंगला पोचली. जगदेवनं ओसरीत उभ्यानंच सगळं पुन्हा सांगितलं. निता दाराला टेकून ऐकत होती. आज येत नाही, एवढंच ती म्हणाली.

आठ दिवसांनी ती आली. सासूशी हळूहळू बोलू लागली. जगदेवशी मात्र अजून बोलत नाही, आणि तोही तिला बोलतं करायला जात नाही.