चिकटपट्टी लावलेली कॅसेट

आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांना मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी विरघळेन अशी आशा कुणी धरायला नको.

मी नाशिकच्या एका जुन्या वाचनालयात नोकरीला होते. नव्वदच्या दशकात तिथे अंध वाचकांसाठी एक कपाट सुरू झालं. कपाटात पुस्तकं नव्हती, कॅसेट होत्या. कुणीतरी पुस्तक मोठ्याने वाचायचं, ते कॅसेटवर भरायचं आणि ज्यांना डोळे नाहीत त्यांनी ती कॅसेट घरी न्यायची. कल्पना छान होती, पण वाचणारे मिळेनात. पहिल्या आठवड्यात उत्साहाने आलेली मंडळी दुसऱ्या प्रकरणाला गळाली. शेवटी मी माझ्या वडिलांनाच धरून आणलं.

बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात आईच्या पायात पायात करत होते. ते सायकलवरून यायचे, मागच्या खोलीत खिडकी लावून बसायचे आणि वाचायचे. आवाज काही रेडिओवाल्यासारखा नव्हता. घोगरा होता, पानाच्या शेवटी हटकून खोकला यायचा, मग तांब्यातून पाणी पिण्याचा आवाज. मी म्हणायचे, ‘‘बाबा, खोकला आला की बटण दाबून थांबवा.’’ ते म्हणायचे, ‘‘बटण दाबायला गेलो तर ओळ चुकते.’’ त्यामुळे त्यांच्या सगळ्या पुस्तकांत खोकला आहे.

त्यांचे सगळ्यात पक्के गिऱ्हाईक म्हणजे घोटीचे एक गृहस्थ. घरची भाताची गिरणी, लहानपणीच दृष्टी गेलेली. बाजाराच्या दिवशी भावाबरोबर एसटीने यायचे, कॅसेट बदलून न्यायचे आणि तक्रारी करायचे. ‘‘ताई, काका या टायमाला लय घाईत वाचत्यात. कुठं जायचं होतं का त्यांना?’’ बाबा ते ऐकून खूश व्हायचे. घरी कुणी त्यांचं इतकं लक्ष देऊन ऐकत नव्हतं.

प्रत्येक कॅसेट भरून झाली की मी तिच्या वरच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाकायचे. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरं काही भरलं जात नाही. भरायचंच झालं, तर त्या खाचेवर मुद्दाम चिकटपट्टी लावावी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, माझा सगळा राग त्या चिकटपट्टीवर उभा आहे.

बाबा गेले ते अचानक, हृदयविकाराने. वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर आई हळूच म्हणाली, ‘‘त्यांचा आवाज ऐकव गं एकदा.’’ घरात त्यांचे फोटो होते, चष्मा होता, सायकल होती. आवाज फक्त वाचनालयात होता. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं तर बाबांचा खण रिकामा.

शिपायाला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, ‘‘साहेबांच्या एकसष्टीला नेल्या ना बाई. मंडपवाल्याकडं कोऱ्या कॅसेट नव्हत्या. मी म्हनलं, यांच्यावर काय भरत नाय. तर साहेबच म्हनले, चिकटपट्टी लाव.’’

अध्यक्षांची एकसष्टी आठवड्यापूर्वी झाली होती. मांडव, सनई, तुतारी, सगळं साग्रसंगीत. त्यात प्रत्येक पाहुण्याचं भाषण वेगळ्या कॅसेटवर भरून घेतलं होतं आणि ज्याचं भाषण त्याला त्याची कॅसेट भेट म्हणून दिली होती. म्हणजे माझ्या बाबांची पुस्तकं आता नाशिकभरच्या शोकेसमध्ये दुसऱ्यांचं कौतुक होऊन बसली होती. एक तेवढी परत आली होती, खुद्द अध्यक्षांच्या भाषणाची. ती त्यांनी स्वतःच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवली होती.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. बाबांच्या कॅसेटचं विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि ते शांतपणे म्हणाले, ‘‘त्या कॅसेट पुन्हा वापरायचा ठराव झालाय, बाई. अंध विभागात आता येतं कोण? आणि एक लक्षात घ्या. कॅसेट वाचनालयाची आहे, तुमच्या वडिलांची नव्हे.’’

मी म्हणाले, ‘‘हो सर.’’

घर माझ्या पगारावर चालत होतं, म्हणून ‘हो सर’. पण ते दोन शब्द मी आठ वर्षं दाढेखाली धरून ठेवले. आईला खरं ते सांगितलं. ती उठून ओट्यावरची भांडी पुन्हा घासायला लागली. स्वच्छ भांडी. त्या माणसाला रोज सकाळी नमस्कार करताना मला ती भांडी आठवायची.

मग इंटरनेट आलं. वाचनालयाला अनुदानातून कॉम्प्युटर मिळाला आणि पुण्याच्या एका बाईंनी आम्हा ग्रंथपालांसाठी शिबिर घेतलं. लोक आता स्वतःचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकतात, तुम्हीही व्याख्यानं टाका, मुलांच्या गोष्टींचा तास टाका, पुस्तकांची ओळख टाका, असं त्या सांगत होत्या. पॉडकास्ट हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. रेडिओच, पण स्टेशन आपलं आणि ऐकणाऱ्याने हवं तेव्हा ऐकायचं. त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे जुने आवाज असतील तर ते आधी वाचवा.’’ मी वहीत काही लिहिलं नाही.

अध्यक्षांना व्हिडिओची कल्पना फार आवडली. वसंत व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प मी कॅमेऱ्यात घेतलं. मी म्हणत होते, सरळ व्याख्यानापासून सुरू करू, कारण त्या काळी एका व्हिडिओला दहाएक मिनिटांचीच मुभा होती आणि कॅमेऱ्यातलं कार्डही इवलंसं होतं. अध्यक्ष कडाडले, ‘‘सत्कार वगळायचा? कोण कोण रुसेल, कल्पना आहे?’’ मग काय, दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, पुन्हा शाल, देणगीदारांना गुलाबाचं फूल. शेवटी व्याख्याते उठले, माइक नीट केला, ‘‘मित्रहो’’ म्हणाले आणि कार्ड भरलं. ते तसंच इंटरनेटवर गेलं. अध्यक्षांच्या अमेरिकेतल्या मुलाने खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘‘पप्पा, व्याख्यान कुठंय?’’

त्यांना ते झोंबलं. मला गुदगुल्या झाल्या, पण मी चेहरा सुतकी ठेवला आणि म्हणाले, ‘‘सर, पॉडकास्टला वेळेची अडचण नसते. नुसता आवाज, कितीही लांब.’’

‘‘कितीही?’’ त्यांचे डोळे चमकले. त्यांनी काचेचं कपाट उघडलं, एकसष्टीची कॅसेट काढली आणि माझ्या हातात ठेवली. ‘‘मग पहिला भाग हाच. पूर्ण. एक शब्दही कापायचा नाही.’’

कॅसेटवर त्यांच्या नावाची सोनेरी पट्टी होती. तिच्या कडेखालून माझ्या अक्षराची निळी रेघ डोकावत होती. वरच्या खाचेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी तशीच.

कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची म्हणजे टेपरेकॉर्डरला वायर जोडून ती पहिल्यापासून वाजवावी लागते. दुपारी वाचनालय बंद असताना मी कानाला हेडफोन लावून बसले. एका बाजूला पाहुण्यांची स्वागतं काठोकाठ भरलेली. दुसऱ्या बाजूला ते भाषण. ‘आदरणीय व्यासपीठ’ पासून सुरुवात, बालपणीचे हाल, वाचनालयासाठी उपसलेले कष्ट, पत्नीचा मूक त्याग. अर्ध्या तासाने टाळ्या. मग कुणीतरी ‘बंद कर रे’ म्हणालं, खट्ट आवाज झाला आणि माझे बाबा बोलायला लागले.

वाक्याच्या मधूनच. ‘‘…आणि उतारूंनी चपला हातात घेतल्या, कारण नाव काठापर्यंत येत नव्हती.’’

भाषण संपलं तरी त्या बाजूची टेप उरली होती, आणि उरलेल्या टेपवर बाबा तसेच्या तसे होते. एक प्रवासवर्णन वाचत होते. पान संपलं, ते खोकले, पाणी प्यायले. मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. रडणं संपलं तेव्हा मला आनंद झाला होता, आणि तो आनंद फारसा पवित्र नव्हता.

अध्यक्षांचं भाषण कापून नुसते बाबा ठेवणं मला दोन मिनिटांचं काम होतं. पण एक शब्दही कापायचा नाही, असा हुकूम होता. मी आज्ञाधारक नोकर.

पॉडकास्टच्या उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. मी घोटीला फोन करून त्या गृहस्थांना मुद्दाम बोलावलं होतं, भावाचा हात धरून ते पहिल्या रांगेत बसले. अध्यक्षांनी माउसचं बटण दाबलं आणि मोठ्या स्पीकरवर त्यांचं भाषण सुरू झालं. ते खुर्चीत डोळे मिटून स्वतःलाच दाद देत होते. लोक चुळबुळत होते, पण खुद्द अध्यक्ष समोर असताना त्यांचा आवाज बंद करा म्हणणार कोण? अखेर स्पीकरमध्ये टाळ्या पडल्या, तशा सुटलो एकदाचे म्हणून सभागृहातही पडल्या. काही जण उठूही लागले. बंद कर रे. खट्ट.

‘‘…आणि उतारूंनी चपला हातात घेतल्या…’’

उठलेले लोक तसेच उभे राहिले. अध्यक्षांनी डोळे उघडले. बाबा वाचत राहिले, खोकले, आणि त्या खोकल्यावर घोटीचे गृहस्थ ताडकन उभे राहिले.

‘‘थांबा! हे आपलं काका हायेत! ताई, काकाच ना?’’

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, म्हणजे माइकही माझ्याकडे होता. ‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘माझे वडील.’’

‘‘मंग इतका वेळ काकांच्या पुस्तकावर बसून हे बोलत कोन होतं?’’

‘‘आपले अध्यक्ष.’’

घोटीच्या गृहस्थांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली. ‘‘नदीतल्या नावंचं पुस्तक हाय हे. मी दोनदा मागाया आलो, तर हापिसात म्हनले कॅसेट खराब झाली. खराब झाली, का कुनी पुसली?’’

मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा जास्वंदीसारखा लाल झाला होता. आठ वर्षं मी याच चेहऱ्याची वाट पाहत होते. मी माइक तोंडाजवळ नेला आणि अगदी त्यांच्याच शांत आवाजात म्हणाले, ‘‘रीतसर ठराव झाला होता.’’

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुजबुज पसरली. देणगीदार मंडळी एकमेकांकडे पाहत होती. त्यांच्यापैकी कितीकांच्या शोकेसमध्ये बाबांची पुस्तकं होती कोण जाणे. इकडे बाबा वाचतच होते. नाव अर्ध्या पात्रात असताना टेप संपली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. आधी दरडावलं, ते काढून टाका म्हणून. मी उभीच राहिले. मग आवाज खाली आला. ‘‘असं करा बाई, माझं भाषण तेवढं काढा. वडिलांचं राहू द्या. तुम्हाला तेच हवं होतं ना?’’

तेच हवं होतं. आठ वर्षांपूर्वी. मी म्हणाले, ‘‘सर, रेकॉर्डिंग वाचनालयाचं आहे, तुमचं नव्हे. काढायचं असेल तर ठराव करा.’’

ठराव करायचा म्हणजे कारण लिहावं लागणार, आणि कार्यकारिणीत ते वाचून दाखवावं लागणार. तो ठराव त्यांनी कधीच आणला नाही. भाग तसाच राहिला. लोक ऐकायचे आणि खाली लिहून ठेवायचे, सुरुवातीचं भाषण सोडा, नंतर एक आजोबा वाचतात ते ऐका. अध्यक्ष ते रोज वाचायचे, मला माहीत आहे, कारण कॉम्प्युटर सकाळी मीच चालू करून द्यायचे.

घरी आम्ही जुना कॉम्प्युटर घेतला तो केवळ आईसाठी. आईला माउस धरायला शिकवताना मी म्हणाले, ‘‘तुझ्यापुरते नुसते बाबा वेगळे काढून देते. त्या माणसाचं कशाला ऐकतेस?’’

आई आयुष्यात कुणाला उलट बोललेली मी पाहिली नव्हती. ती चष्मा लावत म्हणाली, ‘‘नको. असू दे तो.’’

कॉम्प्युटरवर ती एकच गोष्ट शिकली. रोज दुपारी मागचं आवरलं की पदराला हात पुसून खुर्चीवर बसते. भाषण सुरू करते. आदरणीय व्यासपीठ होऊ देते, बालपणीचे हाल होऊ देते, अध्यक्षांना चांगलं रंगात येऊ देते. मग ऐन वाक्याच्या मध्यावर माउसने पडद्यावरची सरकती पट्टी धरते आणि त्यांना सरळ पुढे ढकलते.

‘‘बसा खाली,’’ म्हणते.

आणि बाबा खोकतात.