दुसरबीडचं मडकं

खामगावबाहेर कपाशीचं सरकारी प्रयोगाचं शेत होतं. नागपूरहून मध्यप्रांत-वऱ्हाडचे शेतकी साहेब अधूनमधून येऊन पाहून जात. मी तिथं बैलांवर होतो आणि निवृत्ती बियाण्याच्या खोलीवर. मर रोगानं वावर वाळलं तरी जी झाडं उभी राहत, त्यांचीच सरकी तो निवडायचा. जिनिंगच्या कारखान्यात सरकीत सरकी मिसळते म्हणून हातानं फिरवायच्या रेच्यावर कापसातून ती स्वतः काढायचा. यातच उमर गेली. पाठ वाकली, पगार होता तिथंच राहिला.

साहेबांचं म्हणणं रास्त होतं. एका वावरात जगलेलं बियाणं दुसऱ्या मातीतही जगलं, तरच ते खरं. म्हणून निवृत्ती गावोगावच्या शेतकऱ्यांना मडकंभर सरकी द्यायचा. आपल्या पिकाची तेवढीच सरकी त्यांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत आणायची आणि झाड जगलं की मेलं ते सांगायचं. आलेल्या सरकीतूनच पुढचं वाटप. दरसाल सगळी मडकी भरून यायची, खोलीतल्या फळीवर आपापल्या गावाच्या जागी लागायची आणि सगळीकडून एकच उत्तर, बेस आहे. साहेब खूश झाले. पुढच्या पेऱ्याला हेच बियाणं जिल्हाभर द्यायचं ठरलं.

त्याआधी एक तरी वावर डोळ्यांनी पाहावं म्हणून दसऱ्यानंतर निवृत्ती दुसरबीडला बहिणीकडे, वच्छलाबाईकडे गेला. तिच्याकडेही दरसाल एक मडकं जायचं. अर्धं वावर वाळून उभं होतं. गेल्या सालीही असंच झालं होतं म्हणे. मग भरून आणलेली सरकी कुठली, असं त्यानं विचारलं.

"बाजारातून घेतली, भाऊ. माहेरचं मडकं रिकामं कसं आणू? अन् तुह्या बियाण्याले नाव कसं ठेवू?"

आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत आणि दिल्या बियाण्याला नावं ठेवणं म्हणजे लक्ष्मीला लाथ. मला या भलेपणाचा राग येतो. चौकशी केली तर आणखी गावांनीही हेच केलेलं निघालं. कुठल्या मडक्यात कुठली सरकी, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

निवृत्तीनं साहेबांना सगळं सांगितलं. वाटप थांबलं. साहेब रागावले नाहीत, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल एवढंच म्हणाले. बाहेर येऊन तो माझ्या बैलगाडीला टेकला.

"थकलो बे आता," म्हणाला.

तरी आमच्याच शेतातल्या उभ्या झाडांची सरकी त्यानं पुन्हा निवडली आणि गावोगाव दिली. या खेपेला प्रत्येकाला बजावलं, मेलं तर मडकं रिकामंच आणा. लोकांनी माना डोलावल्या. मान डोलावण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

आखाजीला मडकी पुन्हा भरून आली. सगळ्यांचं बेस होतं. निवृत्ती एकेका मडक्यात हात घालून नुसता बसला होता. मला त्याच्याकडे पाहवेना.

दुपारी वच्छलाबाईची बैलांची दमणी आली. पदराखालचं मडकं तिनं भावासमोर ठेवलं आणि सणासुदीची रडायला लागली.

"समदं मेलं, भाऊ. रिकामं आणलं."

निवृत्तीनं मडक्यात वाकून पाहिलं. भरलेली मडकी बाजूला सारली आणि ते रिकामं मडकं दोन्ही हातांनी उचलून फळीवर, दुसरबीडच्या जागेवर ठेवलं. मग बहिणीला म्हणाला, "चाल, जेवू."