क्लेमेंटीनचा ओटा

नंदाखाल गावच्या क्लेमेंटीनला सवत नव्हती. पण सवतीसारखं एक घर होतं, पार तैवानात, आणि त्या घराने चौतीस वर्षं तिचा जीव खाल्ला. हसू नका. बाईवर जळली असती तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. घराला काय शिव्या घालणार?

झालं होतं असं. तिचा नवरा रुडॉल्फ बोटीवर फिटर होता. एक्क्याण्णव साली तैवानच्या काओशुंग बंदरात त्याचा पाय मोडला. बोट पुढे निघून गेली, आणि हा पाय प्लास्टरमध्ये घालून तीन महिने बोटीच्या एजंटच्या गावी, त्याच्या आईच्या घरी राहिला. गाव हाक्का नावाच्या चिनी जमातीच्या लोकांचं. एजंटची बहीण मिस चुंग शाळेत शिकवायची, तिला इंग्रजी यायचं. रुडॉल्फ परत आला तो त्या घराचं तुणतुणं घेऊनच. "काय ती गल्ली! शंभर वर्षांची घरं, एकाला एक चिकटून. काळी कौलं, मधे अंगण, तीन बाजूंनी खोल्या. मधली खोली वाडवडिलांची, ती कुणा एका भावाची नाही, सगळ्यांची. दारावर घराण्याच्या नावाची पाटी. आणि उंबरा तर एवढा उंच!" इथे तो गुडघ्याला हात लावायचा.

पहिल्या वर्षी क्लेमेंटीनने कौतुकाने ऐकलं. दुसऱ्या वर्षी ओठ आवळून. पुढे मात्र 'उंबरा' शब्द निघाला रे निघाला की ती भांडी आपटायची. तिच्या पोटात का दुखतंय, हे कुणी विचारलंच नाही. अहो, तो बोटीवर असताना हे घर सांभाळलं कुणी? आळीतली अर्धी जुनी घरं पाडून तिथे बिल्डिंगी उठल्या. हिचं कौलारू घर सागवानी खांबांवर तसंच ताठ उभं. दर मे महिन्यात शिडी लावून ही स्वतः वर चढायची आणि कौलं चाळायची. आणि पुढचा तो तांबड्या कोब्याचा ओटा! दर शनिवारी खोबरेलाचे चार थेंब टाकून, गुडघ्यांवर बसून, नारळाच्या सोडणाने घासायची, तोंड दिसेपर्यंत. त्याच ओट्यावर बसून रुडॉल्फ चहा प्यायचा आणि तैवानच्या उंबऱ्याचं वर्णन करायचा. एकदा, फक्त एकदा त्याने आपल्या घराला चांगलं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पण ते मागून घ्यायची तिला लाज वाटायची.

गेल्या डिसेंबरात तिची नात ब्रिटनी, आर्किटेक्चर शिकते ती, म्हणाली, "आजी, आमचा कॉलेजचा ग्रुप आपल्या आळीतली जुनी घरं बघायला येतोय. आजोबा आपल्या घराबद्दल बोलतील." क्लेमेंटीनला वाटलं, आता कुठे जातोय? दहा जणांसमोर तरी बोलावंच लागेल. पंधरा दिवस ती खपली. खांबांना तेल, खिडक्यांना रंग, पाहुण्यांसाठी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. ओटा तर इतका घासला की खांदा धरला.

रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर मुलं आली. रुडॉल्फ खुर्ची ओढून बसला, खाकरला.

"घर म्हणाल तर," तो म्हणाला, "हाक्का लोकांनी बांधावं."

झालं! अर्धा तास काळी कौलं आणि अंगण. मुलं वहीत उंबऱ्याचं चित्र काढू लागली. सुकेळ्यांचं ताट घेऊन क्लेमेंटीन दाराआड उभी होती. अंगाची नुसती लाही लाही झाली. मेल्या, बसलायस कुणाच्या ओट्यावर?

तेवढ्यात ब्रिटनीने फोन पुढे केला. त्या गल्लीची माहिती शोधता शोधता तिला मिस चुंग सापडली होती, आणि आजोबांना न सांगता तिने आजचा व्हिडिओ कॉल ठरवला होता. पडद्यावर सत्तरीची, पांढऱ्या केसांची बाई आली. मागे तोच उंबरा. क्लेमेंटीनने मान पुढे काढून पाहिला. गुडघ्याएवढा कसला, जेमतेम वीतभर!

रुडॉल्फ "हॅलो, हॅलो" ओरडत होता. बाईने त्याला हात हलवला आणि इंग्रजीत बोलू लागली. ब्रिटनी मराठीत सांगत गेली.

"क्लेमेंटीन कुठे आहे? तिला दाखवा ना. आणि तो लाल ओटा दाखवा."

ब्रिटनीने फोन दाराआडच्या आजीकडे वळवला.

"तीन महिने आम्ही रुडॉल्फकडून दुसरं काही ऐकलं नाही," बाई म्हणाली. "क्लेमेंटीन कौलांवर चढते. क्लेमेंटीन शनिवारी नारळाने ओटा घासते. जगात असं घर नाही, असं रोज. मी आईला आमच्या भाषेत समजावून सांगायचे. आई शेवटी वैतागली. तिला तुमचा इतका हेवा वाटायला लागला की तीही दर शनिवारी हा उंबरा तेलाने घासायला लागली. मरेपर्यंत घासला. म्हणायची, बघू त्या बाईचं घर जास्त चमकतं की माझं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ब्रिटनीने फोन सगळ्या ओट्यावरून फिरवला. रुडॉल्फचे कान लाल झाले. क्लेमेंटीनने ताट खाली ठेवलं आणि ती आत गेली.

तो मागोमाग स्वयंपाकघरात आला. "आता तरी खूश?"

ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज कडक. खरं सांगते, चौतीस वर्षांत झाली नसेल एवढी जळफळ तिची त्या क्षणी झाली. आता ती घरावर जळत नव्हती. त्या मेलेल्या म्हातारीच्या कानांवर जळत होती.

"तिला तीन महिने सांगितलंत. रोज! तिला तर भाषासुद्धा कळत नव्हती. मला कळत होती ना? मी इथे तुमच्या पायाशी बसून ओटा घासत होते."

"तिथे तुझी आठवण यायची," तो पुटपुटला. "इथे काय, तू होतीसच."

"होते ना! तेच तर म्हणते मी!"



पुढच्या शनिवारी सकाळी रुडॉल्फ चहाचा कप घेऊन बाहेर आला, तर त्याच्या खुर्चीत क्लेमेंटीन बसलेली. पुढ्यात खोबरेलाची वाटी आणि सोडण. तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि सोडण दिलं.

"घासा."

सत्तरीचा माणूस तो. मोडलेला पाय पुढे पसरून खाली बसला आणि घासू लागला. क्लेमेंटीनने त्याच्याच चहाचा घोट घेतला.

"नुसतं घासू नका," ती म्हणाली. "तिकडे काय काय सांगत होतात ते बोला, पहिल्या दिवसापासून. मी ऐकतेय."