हातांचा वास घेणारी आई

जोगेश्वरीच्या चाळीत आमच्या दाराला कडी होती, कुलूप होतं आणि आई होती. पहिली दोन नसती तरी चाललं असतं. बाहेरून येणाऱ्यानं आधी दारालगतच्या मोरीत लाल साबणानं हात धुवायचे, मग तिच्यापुढे हजर व्हायचं. "हात हाड हय," म्हणजे हात इकडे आण, म्हणत ती आमचा पंजा नाकाशी ओढायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "पास." नाहीतर, "परत जा." गिरणीतून दमून आलेल्या बाबांनाही सूट नव्हती. रात्री गालाखाली हात घेतला की तोच साबणाचा वास यायचा आणि आपण पास झालोय, या समाधानात झोप लागायची.

धाकटी बहीण जन्मली तेव्हा आत्या गावाहून आली ती थेट पाळण्याकडेच निघाली. आई वाटेत आडवी.

"वहिनी, मी काय परकी?"

"तू नाय गो. तुझे हात येष्टीतून इलेत."

आत्या फणकारत मोरीत गेली.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला मुलगा झाला. पणतू मांडीवर घ्यायचा म्हणून आई सकाळपासून नटून बसली होती. मुलुंडला लेकीचं दार उघडलं, आई हात पसरून आत घुसली आणि लेक आडवी!

"आजी, हात?"

"घराकडसून धुवन इलंय."

"आणि लिफ्टचं बटण कोणी दाबलं?"

मी जीव मुठीत धरून उभा. हा प्रश्न आईला उभ्या जन्मात कुणी केला नव्हता. तिनं नातीकडे रोखून पाहिलं आणि गुमान बेसिनकडे गेली. नखं, बेचक्या, मनगटं. इतका वेळ हात घासले, की बाहेर येते तर बाळ झोपलेलं. आणि झोपलेलं पोर उचलायचं नाही, हा कायदाही तिचाच!

मग ती सोफ्यावर बसली, दोन्ही हात हवेत, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखी. पदर सरकला तरी सावरला नाही. चहा आला. "तू पाज रे," मला हुकूम. बशीत फुंकर घालून मी पाजला.

अखेर बाळ जागं झालं. लेकीनं ते आजीच्या मांडीवर ठेवलं. आईनं त्याची इवलीशी मूठ उलगडली, नाकाशी धरली, डोळे मिटले.

"पास," ती म्हणाली, आणि मूठ काही नाकापासून दूर करेना.