पत्र्याखालची जागा

सहामाहीचा निकाल लागला आणि तुमच्या मुलीची वर्गातली जागा बदलली, तेव्हा तिला कुणी काही विचारलं होतं का? मी माझ्या बाकावरच्या मुलीला विचारलं नव्हतं. आणि मी तर तिच्या बाजूनं लढत होते.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील, आप्पा, कंधारहून लातूरला आले ते छापखान्यात कामाला. उरलेली पत्रकं ते घरी आणायचे, माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची. पाणी, संप, मोर्चा, हक्क. पुस्तकातल्या कविता मी विसरायची, पण 'आता गप्प बसणार नाही' हे वाक्य मला झोपेतही म्हणता आलं असतं.

भूकंपाला दोन वर्षं होऊन गेली होती. मी नववीत होते. लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि आमच्या शाळेलाही घाई झाली होती. आठवीपासून दरवर्षी सहामाहीच्या गुणांवर पहिल्या चाळीस जणांची विशेष तुकडी निघायची. ती नव्या स्लॅबच्या इमारतीत, पंख्याखाली बसायची. बाकीचे मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. हे शेड भूकंपानंतर तात्पुरतं म्हणून उभं केलेलं. तात्पुरत्या गोष्टींना आमच्याकडे आयुष्य फार.

शेडमध्ये माझ्या बाकावर भूकंपाच्या गावाहून आलेली एक मुलगी होती. मामाकडे राहायची. या मुलांना घरचं काही विचारायचं नाही, असं हेडसरांनी एकदा प्रार्थनेच्या वेळी सांगितलं होतं. आम्ही ते इतकं पाळलं की त्यांना काहीच विचारेनासे झालो. डब्यात काय आणलंय, पेनात शाई आहे का, एवढंच. त्याला आम्ही माया समजत होतो.

विशेष तुकडीतली पोरं मधल्या सुट्टीत तिच्याकडे गणितं घेऊन यायची. ती वहीवर नजर टाकायची, खडूनं शेडच्या पत्र्यावर दोन ओळी लिहायची आणि म्हणायची, "झालं. जा आता पंख्याखाली."

नववीच्या सहामाहीत यादी लागली. तिचं नाव नव्हतं. माझं होतं, चाळिसावं. मला वाटलं, तिची जागा मी खाल्ली.

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

"कामून? पंखा हाय तिथं."

"अन्याय आहे हा."

"हाव, आसंल," ती दप्तराच्या पट्ट्याचा दोरा ओढत म्हणाली.

त्या 'आसंल'ला मी होकार समजले.

त्याच रात्री मी पत्रक लिहायला बसले; कार्बन लावून एका वेळी तीन प्रती निघायच्या. मथळा होता, 'पत्र्याखालची मुलं कुणाची?' पाण्याच्या टाकीवर, सूचनाफलकावर, शिक्षकांच्या खोलीच्या दारावर, सगळीकडे चिकटवलं. गणिताच्या सरांनी एक प्रत काढून वाचली. "बाईसाहेब, खाली छापखान्याचं नाव टाकायचं राहिलं की!" म्हणाले, आणि पुन्हा होती तिथंच नीट चिकटवली.

पालक येऊ लागले. दिवाळीची सुट्टी संपली आणि हेडसरांनी जाहीर केलं: विशेष तुकडी बंद, दोन पाळ्यांत सगळे स्लॅबच्या इमारतीत, शेडमध्ये सायकली. टाळ्या पडल्या. "काय लीडर!" कुणीतरी मागून ओरडलं. आमच्या शाळेत सगळे एकत्र खूश झालेले मी तेव्हाच पाहिले.

ती इमारतीच्या पायरीपाशी उभी होती. चपला हातात.

"चल की."

"जा तुम्ही."

"अगं, आपण जिंकलो!"

"तू जिंकलीस." मग माझ्याकडे न बघता, "तुला कुणी सांगितलं व्हतं गं?"

मला काही कळेना.

"आठवीपासून शेवटचे दोन प्रश्न कोरे सोडून राहिले मी. येत व्हते मला. पत्रा पडला तर डोकं फुटतंय, माणूस जित्तं ऱ्हातंय." तिनं मान वर करून छताकडे पाहिलं. "हे पडलं तर?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"इचारलंस कवा?"

ती आत आली नाही. दोन दिवस पायरीवर बसून फळा दिसतो का बघत राहिली. मग गणिताच्या सरांनी तास लिंबाखाली घेतला. आठवडाभर घेतला. तेव्हा तेच पालक पुन्हा आले, माझं पत्रक हातात घेऊन आलेले तेच. म्हणाले, उन्हात कसली गणितं, क्लासची पोरं कुठल्या कुठं गेली. तास पुन्हा आत गेला.

मी दुसरं पत्रक लिहिलं. एक वर्ग शेडमध्ये ठेवा, ज्याला बसायचं त्याला बसू द्या. हेडसरांनी मला बोलावलं, दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. रागावले नाहीत. खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "यातलं कोणतं खरं समजू?"

मी दोन्ही कागद उचलले आणि वहीच्या कव्हरात सरकवले.

नाताळच्या आत मामानं तिला जळकोटला मावशीकडे धाडलं. पुढच्या वर्षी दिवाळीत तिचं एक कार्ड आलं: 'इथं पत्रे हायत. बरं हाय. गणिताचे सर बरे न्हाईत. पण या सहामाईला सगळे प्रश्न सोडिवले.'

ते कार्ड माझ्याकडे आहे. गणिताचे बरे सर आमच्याकडे राहिले आणि गणित तिच्याबरोबर गेलं. तरीही ते शेड वाईटच होतं. उन्हाळ्यात त्यात मुलांना भोवळ यायची, पावसात शिक्षकांचा शब्द ऐकू यायचा नाही. यादीत कधी न आलेली मुलं त्या वर्षी पहिल्यांदा पंख्याखाली बसली आणि चांगली शिकली. मी ते पत्रक पुन्हा लिहीन का? लिहीन, असं वाटतं. मग ती पायरी आठवते, आणि पेन थांबतो. इतक्या वर्षांत याच्या पुढे मी गेलेले नाही.

आता नांदेडला आणि लातूरला क्लासमध्ये दर परीक्षेला बाकं बदलतात. ती तशी बदलावीत की नाही, यावर आपण नंतर भांडू. त्याआधी एक करा. यंदाचा सहामाहीचा निकाल हातात आला की गुण बघण्याआधी घरातल्या मुलाला विचारा, "तुला कुठं बसायला बरं वाटतं?" आणि ते बोलेपर्यंत थांबा. मधेच त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका.