स्टुडिओचा कोट

आमची प्रतिमा कायम दमलेली असते. सकाळी भेटा, दमलेली. दिवाळीच्या फराळाला भेटा, दमलेली. मी तिची थोरली जाऊ, म्हणून चिडवायचा हक्क माझा. मी म्हणते, "अगं, तुझ्या थकव्याचीपण लिमिटेड एडिशन काढ, म्हणजे कधीतरी संपेल तरी." ती हसते, पण अर्धंच. उरलेलं उद्याला ठेवत असावी.

दिवसभर शाळेत चित्रकला शिकवते, म्हणजे रंगाचं पाणी पिऊ नका असं पोरांना सांगत फिरते. घरी आली की मागच्या खोलीत छपाई. रावपुऱ्यातल्या ह्या खोलीत आमचे सासरे कचेरीतून निवृत्त झाल्यावर लग्नाच्या कंकोतऱ्या छापायचे. पुढे आमंत्रणं फोनवर जायला लागली आणि सासऱ्यांच्या चौकटी तेवढ्या उरल्या. त्या हिने घेतल्या. मी पितळेचे डबे घेतले. शहाणी कोण ते तुम्हीच ठरवा.

काम असं. चौकटीवर ताणून बसवलेली जाळी, खाली कागद, आणि वरून रबरी पट्टीने शाई ओढायची. जाळी जिथे मोकळी तिथेच रंग उतरतो. प्रत्येक रंगाला पुन्हा ओढा. अकरा प्रती झाल्या की खाली पेन्सिलीने नंबर घालायचे आणि चौकट धुऊन टाकायची. बारावी प्रत निघायची नाही, हा तिचा शब्द. माझे बेसनाचे लाडूही अकराच्या वर कधी उरत नाहीत, पण त्यांवर कोणी नंबर घालत नाही.

चित्रं ती स्वतः काढत नाही. सापडलेली घेते. काडेपेट्यांची लेबलं, जुनी कॅलेंडरं. गेल्या वर्षी दांडिया बाजारातला एक फोटो स्टुडिओ बंद झाला. मालक मुकुंदराव म्हणाले, "लोकांनी काढून घेतले आणि न्यायला आलेच नाहीत, असे फोटो पडलेत. न्या, नाहीतर पस्तीवाल्याला रद्दीत देतो." ही पोतंभर घेऊन आली.

पसरून बघितलं तर सगळे पुरुष एकाच कोटात. तेव्हा स्टुडिओत खुंटीवर एक कोट असायचा, ज्याला नसेल त्याने घालायचा. कोणाच्या मनगटापर्यंत, कोणाच्या बोटांपर्यंत. मी म्हटलं, "बाई, हा कोट कोणी कधी धुतला होता का?" तिने त्यातले काही चेहरे निवडले आणि छापायला बसली. खांदा दुखायचा, मी तेल चोळून द्यायची. त्यातला एक पोरगा फार छान उतरला. नुकती मिसरूड फुटलेली, डोळे घाबरलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. एका गॅलरीने ह्या छापांचं प्रदर्शन ठरवलं आणि आमंत्रणावर तोच टाकला.

प्रदर्शन शनिवारी. गुरुवारी संध्याकाळी मागच्या खोलीच्या दारात एक उंच म्हातारे गृहस्थ उभे. हातात नातीचा फोन, फोनवर आमंत्रण.

"मी पिलाजीराव. पाणीगेटला राहतो," ते म्हणाले. "हा मी आहे."

मी फोनकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. डोळे तेच.

"बसा ना," प्रतिमा म्हणाली.

"बसायला नाही आलो. हे भिंतीवर लावू नका."

प्रतिमा स्वतःच स्टुलावर बसली. "काका, फोटो टाकून दिलेले होते. मला वाटलं, आता कोणाचेच नाहीत."

"विसरलो नव्हतो मी. सोडून दिला होता."

मी पाणी आणलं. पाणी पिताना माणूस बसतोच. बसले आणि बोलायला लागले.

वडील संस्थानच्या पलटणीत होते. त्यांचा एक कोट घरी पेटीत जपलेला. पहिल्या नोकरीच्या अर्जाला फोटो हवा, म्हणून पिलाजीराव तोच घालून गेले. फोटोवाला म्हणाला, खांद्यात ढगळ दिसतो, हा घाला. यांनी घातला. फोटो आणायला गेले वडील. बघितला, विचारलं, "हा कोट कोणाचा?" आणि फोटो तिथेच ठेवून घरी आले.

"काही बोलले?" मी विचारलं.

"तेच तर. बोलले असते तर बरं होतं. नंतर तो कोट परत पेटीतून बाहेर निघाला नाही."

प्रतिमाने दोरीवर टांगलेल्या त्या फोटोच्या प्रतींकडे बघितलं. मला माहीत होतं तिच्या मनात काय आहे. ह्याच्याशिवाय प्रदर्शनाला चेहरा नाही. नवा छापायला अंगात जीव नाही, आणि ह्याची चौकट धुऊन झालेली.

"चेहरा राहिला तर चालेल?" तिने विचारलं.

"चेहऱ्याचं काय, तो माझाच आहे. कोट नको."

ती उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून "हाश" म्हणाली. बटर पेपर कोटाच्या आकारात कापून मधला तुकडा काढला, उरलेला कोऱ्या चौकटीखाली चिकटवला, आणि दाट पांढरी शाई घोटली. "वहिनी, तुम्ही दोरी सांभाळा. काका, तुम्ही कागद द्या."

"मी?"

"एकटीने आता नाही होत माझ्याच्याने."

ते कागद ठेवायचे, ती पट्टी ओढायची, मी चिमटे लावायची. एकेका प्रतीवरून कोट गेला. नुसतं डोकं आणि खाली पांढरं. मी म्हटलं, "पिलाजीराव, आंघोळीला निघाल्यासारखे दिसताय." पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या.

पण शेवटची लावून होते न होते, तोवर पहिली वाळली होती. पांढऱ्यातून कोट पुन्हा दिसायला लागला. फिकट, कॉलरची कड आणि वरची दोन बटणं.

"दिसतोय," पिलाजीराव म्हणाले.

प्रतिमाने जवळ जाऊन बघितलं. "अजून एक हात द्यावा लागेल सगळ्यांना." बोलता बोलता तिने उजवा हात डाव्या हाताने धरला होता.

पिलाजीरावांनी वाळलेल्या प्रतीवरच्या त्या बटणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "राहू द्या ताई. घातला तर होताच मी."

मी चहा टाकायला गेले. आलं घालून परत आले तर दोघंही आपापल्या स्टुलावर पेंगत होती, आणि दोरीवर अकरा पिलाजीराव वाळत होते. मी तिन्ही कपांवर बशा ठेवल्या आणि पंखा एका आकड्याने कमी केला.