भाव सांगून गप्प बसलेला मोतीराम

पंचवटीत मोतीरामला ओळखत नाही असा एक दुकानदार शोधून दाखवा, मी म्हणतो! गोदावरीला पूर आला, काठावरच्या दुकानांत पाणी शिरलं, की मालक आधी मोतीरामला फोन लावणार आणि मग विमावाल्याला. तो येणार, गाळ उपसणार, फरशी धुणार, भिंतींवर मोठाले पंखे सोडून दुकान खडखडीत वाळवून देणार. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा अखंड चालू!

त्याची भाव ठरवायची पद्धत साऱ्या काठाला पाठ. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं तर एक भाव, कमरेला लागलं तर दुसरा, छातीला लागलं तर तिसरा. मारुती सगळ्यांना दिसतो, त्यामुळे घासाघीस नाही. भानगड एवढीच, की मारुतीच्या कमरेइतकं पाणी म्हणजे कुणाच्या दुकानात नुसती ओल, तर कुणाकडे माळ्यापर्यंत चिखल. भाव मात्र दोघांना सारखाच. मोतीराम राबून राबून अर्धा व्हायचा आणि हाती काही उरायचं नाही.

शेवटी त्याच्या बायकोने, सविताने, फर्मान काढलं. "अहो, मारुतीला विचारून धंदा करणं बंद करा. ते ब्रह्मचारी! त्यांना संसाराचा खर्च काय कळणार?"

तिनेच त्याला मुंबई नाक्यावरच्या एका हॉटेलात प्रशिक्षणाला ढकललं. पाण्याने खराब झालेल्या जागा वाळवणाऱ्यांनी काम कसं करावं, भाव कसा लावावा, हे तिथे कोट घातलेले दिनेश सर शिकवत होते. पाणी नळाचं की गटाराचं, ते आधी बघा. भिंतीला यंत्र लावून ओल मोजा. जागा मोजा, मगच भाव काढा. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," सर म्हणाले, "भाव सांगितला की गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला!" झालं! मोतीरामने बाकीचं अर्धंमुर्धं ऐकलं, पण हे मात्र मनावर कोरून घेतलं.

श्रावणात पूर येऊन ओसरला. पुतळाबाईच्या पूजासाहित्याच्या दुकानाची पार दैना झाली. पुतळाबाई म्हणजे काठावरच्या दुकानदारांची म्होरकी. ती ज्याला काम देईल त्यालाच बाकीचे देणार. त्यात यंदा गणवेशवाल्या एका नव्या कंपनीचा माणूसही तिला भेटून गेला होता. हे काम हातचं गेलं असतं तर मोतीरामचा धंदाच बसला असता.

मोतीराम आत गेला, यंत्र लावलं, टेपने मोजलं, बाहेर ओट्यावर आला आणि भाव सांगितला. जुन्या भावाच्या दुप्पट. मग तो गप्प बसला.

"किती?" पुतळाबाईने विचारलं.

मोतीराम गप्प.

"अरे, किती म्हणालास?"

मोतीराम मनातल्या मनात खूश. मावशी आधी बोलली, म्हणजे हरली! पण समोरचा हरल्यावर आपण कधी बोलायचं, हे काही सरांनी सांगितलं नव्हतं. तो आपला ओठ मिटून टकामका बघत राहिला.

"अगं बाई! याची वाचा गेली!" पुतळाबाईने एकच आरोळी ठोकली.

शेजारचा फुलवाला गोटीराम धावत आला. दुकानातलं भिजलेलं कुंकू मोतीरामच्या पोटऱ्यांना लागलं होतं. ते बघून "रक्त! रक्त!" म्हणून हा शहाणा किंचाळला. मग काय विचारता! माणसं गोळा झाली. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. एकाने जीभ बघायला जबडा उघडायचा प्रयत्न केला. मोतीरामने दात घट्ट आवळले, तेव्हा दातखीळ बसल्याचं एकमताने ठरलं आणि रिक्षा बोलावली गेली.

पुतळाबाई मटकन त्या ओल्या ओट्यावर बसली. तिने मोतीरामचा हात धरला. "माझा माणूस असाच बोलता बोलता गप्प झाला रे," ती रडत म्हणाली. "तू तरी बोल!"

मोतीरामने आवळलेले दात सोडले. खड्ड्यात गेला तो भाव!

"मावशी, मी ठणठणीत आहे! भाव सांगून गप्प बसायचं असतं, असं शिकवलंय, म्हणून बसलो!"

पुतळाबाईने डोळे पुसले आणि हुंगवायला आणलेली चप्पल त्याच्या पाठीत हाणली. जरा धाप ओसरल्यावर म्हणाली, "दुप्पट ना? दिली."

"मावशी, खरंच?"

"मेल्या, गाळ ते गणवेशवालेही काढतील. पण दर पुरानंतर दुकानाची ती दशा बघायची माझी छाती होत नाही. तू बडबडत पुढे जातोस, म्हणून मी मागून आत शिरते. पैसे मी त्याचेच देते रे!"

मोतीरामचे डोळे भरून आले. रिक्षावाला पेशंट कुठे म्हणून विचारत होता, त्याला त्याने हातानेच परत पाठवलं. मग फावडं उचललं आणि सविताच्या माहेरची म्हैस मांडवात कशी घुसली होती, ती हकीगत सांगत तो आत निघाला. पुतळाबाई पदर खोचून त्याच्या मागोमाग दुकानात शिरली.